ऐकू येत नाही

बलकार सिंगचा ट्रॅक्टर फार्मच्या फाटकातून आत आला तेव्हा नरेंद्र गुडघाभर चिखलात उभा होता. मडगार्डवर कुणी पोरगं बसलंय एवढंच त्याला लांबून दिसलं. ट्रॅक्टर जवळ आला तेव्हा कळलं, की पोरगं बसलेलं नाही, बसवलेलं आहे. बलकार सिंगनं एका हातात स्टिअरिंग धरलं होतं आणि दुसऱ्या हातात पोराचं मनगट. पोरगं नरेंद्रचंच होतं. कुणाल.

जून लागला होता. सकाळीच ऊन असं, की वाफ्यातलं पाणी पायाला चटके देत होतं. मोहालीत नॉलेज सिटीच्या काचेच्या इमारती मागं टाकून डांबरी संपेपर्यंत गेलं, की हे सरकारी भात-फार्म लागायचं. नरेंद्र तिथं फील्ड असिस्टंट होता. गावाकडं कुणी विचारलं तर तो चंदिगडला असतो म्हणून सांगायचा. ऐकणाऱ्याला बरं वाटायचं आणि सांगणाऱ्यालाही. फार्मच्या कुंपणापलीकडं बलकार सिंगची जमीन होती.

“नरेंदर जी, ये आपका है?” बलकार सिंगनं विचारलं. त्याला चांगलं माहीत होतं कुणाचं आहे ते. माहीत असून विचारलेला प्रश्न जास्त लागतो.

लावणीच्या बाया कंबर सरळ करून बघायला लागल्या. नरेंद्र घाईनं बांधाकडं निघाला, पाय रुतला आणि सगळ्यांदेखत तो गुडघ्यावर पडला. कुणी हसलं नाही, हे आणखी वाईट झालं.

बलकार सिंगनं ट्रॉलीतून वायरचं भेंडोळं काढून खाली टाकलं. अर्धं जळून काळं झालेलं, अर्धं लाल तांबं उघडं पडलेलं. बोअरच्या मोटरची केबल कापायची, जाळायची आणि आतलं तांबं भंगारात घालायचं, ही त्या मुलखातली नेहमीची चोरी होती.

“दो बड़े थे, बाइक पे भाग गए. ये खड़ा रहा. इसको भागना भी नहीं आया.”

कुणालच्या अंगाला जळक्या रबराचा वास येत होता. हा वास नरेंद्रला नवा नव्हता. महिन्याभरात दोनदा तो घरातल्या दोरीवरच्या शर्टाला आला होता, आणि दोन्ही वेळा त्याला वाटलं होतं, शेजारचा कुणी कचरा जाळत असेल.

“कोण व्हती ती पोरं?” त्यानं मराठीत विचारलं. “कुणाल, काय इचारायलोय? कोण व्हती?”

कुणालनं बापाकडं बघितलं आणि मान खाली घातली. पंधरा वर्षांचं पोरगं, ओठांवर नुकती लव आलेली. नरेंद्रचा हात उठला. चिखलाचा हात होता, गालावर पाचही बोटं उमटली. पोरानं गालाला हात लावला नाही.

“बोल की! तोंड शिवलंय काय तुजं?”

“काही नाही,” कुणाल म्हणाला.

दुसरा हात बलकार सिंगनं वरच्या वर धरला. “मारने से मेरी तार वापस नहीं आनी.” मग आवाज जरा उतरवून त्यानं सांगितलं, की सरपंचानं ठाण्यात कळवलंय. बच्च्यांचे मामले बघणारी एक मॅडम आहे, तिनं परवा आईबापासकट बोलावलंय. मुलानं त्या दोघांची नावं सांगितली आणि हा त्यात कसा सापडला ते सांगितलं, तर मॅडम अशा मुलांचा निवाडा करणाऱ्या बोर्डापुढं त्याच्या बाजूनं लिहील. नाही सांगितलं, तर सगळं एकट्याच्या नावावर जाईल. आणि ते दोघे मोकळे राहतील. “फिर ले जाएँगे इसको. आज तार है, कल कुछ और होगा.”

बलकार सिंग ट्रॅक्टरवर चढता चढता स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “तार तो शाम को आ जाएगी. लेबर पानी बंद देख के दूसरे के खेत में चली गई. पनीरी पीली पड़ रही है मेरी.”

पनीरी म्हणजे भाताचा तरवा. उपटायला आलेला तरवा उन्हात पिवळा पडणं काय असतं, ते नरेंद्रसारख्या आजऱ्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

“मैं लगाएगा,” नरेंद्र म्हणाला. त्याचं हिंदी बारा वर्षं उत्तरेत राहूनही असंच होतं. “हम भी धान का लोग है. मैं और ये. दोनों लगाएगा.”

बलकार सिंगनं त्याच्या चिखलानं भरलेल्या गुडघ्याकडं बघितलं आणि होकाराची मान हलवली.

क्वार्टरवर नरेंद्रच्या बायकोनं, उर्मिलानं, पोराला मोरीत उभं केलं आणि बादलीभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. ती रडत होती आणि घासत होती. डाव्या दंडावर आतल्या बाजूला बोटभर लांबीचा जुना चट्टा होता, कातडी चिकटून गुळगुळीत झालेली. तो तिनं फेब्रुवारीत बघितला होता. सायलेन्सरचा चटका, म्हणाला होता. तिनं हळद लावली होती आणि विषय संपला होता. घरात तर मोटरसायकल नव्हती, हे तिला आज आठवलं.

“कुनी दिला रं चटका? मला तरी सांग, बाळा.”

“काही नाही, मम्मी.”

नऊ वर्षांची जाई मोरीच्या दारात उभी राहून सगळं बघत होती. “दादानं चोरी केली?” तिनं विचारलं. उर्मिलानं तिला रागानं हाकललं आणि मग पुन्हा तिलाच जवळ घेतलं.

या घराचा एक कायदा होता. गेल्या वर्षी मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला सगळे आजऱ्याला गेले होते. मांडवात म्हाताऱ्या आजोबांनी नातवाला जवळ बोलावलं, तर कुणाल वाकून म्हणाला, “दादाजी, पैर छूता हूँ.” मांडव हसला. चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, “नऱ्या, पोरगं पंजाबातनं इकत आनलंस काय रं?” नरेंद्रही हसला. हसला खरा, पण ते हसू त्याच्या घशात हाडूक अडकावं तसं अडकलं. परत येताना गाडीत तो दिल्लीपर्यंत कुणाशी बोलला नाही. आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं फर्मान काढलं. घरात मराठी. हिंदीत कुणी काही बोललं तर ते ऐकू येत नाही. ताटात वाढायचं नाही, उत्तर द्यायचं नाही.

जाईनं त्याचा खेळ केला. कुणी हिंदी बोललं की दोन्ही हात कानांवर ठेवायचे आणि ओरडायचं, “ऐकू येत नाही!” मग नरेंद्रही कानांवर हात ठेवायचा, हसत हसत उर्मिलाही ठेवायची. जाई शाळा सुटली की आईच्या पदराला, ती दोन महिन्यांत पोपटासारखी बोलायला लागली. कुणालला वेळ लागला. तो आधी अडखळायचा, मग थोडं थोडं बोलायचा. “काही नाही” मात्र त्याला झकास जमायचं. पहिल्यांदा तो ते न अडखळता बोलला तेव्हा घरात टाळ्या वाजल्या होत्या.

चंदिगडच्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमाला नरेंद्रनं हा कायदा माइकवरून सांगितला होता. बँकेतल्या, हवाई दलातल्या सगळ्या मोठ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बदलीवर आलेल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी, चित्राताई, जवळ येऊन म्हणाल्या, “आमची मुलं तर घरात नुसतं इंग्रजी झाडतात. तुम्ही करून दाखवलंत.” फील्ड असिस्टंटच्या अंगावर त्या दिवशी मूठभर मांस चढलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक बलकार सिंगच्या वाफ्यात उतरले. नवी केबल जोडली होती, मोटर धडधडत होती, पाणी पांढरं होऊन पडत होतं. नरेंद्रनं तरव्याची पेंढी सोडली, मूठ डाव्या हातात धरली, अंगठा आणि दोन बोटांनी रोप चिखलात दाबून दाखवलं.

“आसं. मूळ वाकडं न्हाई जायाला पायजे. आन मागं मागं सरकायचं. पुढं बगायचं न्हाई.”

कुणालनं लावलेली रोपं पाण्यावर तरंगत वर यायची. नरेंद्र परत जाऊन ती दाबायचा आणि ओरडायचा. “नीट लाव! लोकाचं शेत हाय!” रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एकानं बलकार सिंगला विचारलं, “ये वही है?” कुणालनं ऐकलं आणि त्याची मूठ पाण्यात सुटली. रोपं पसरली. नरेंद्रनं ती गोळा केली. लाजेनं त्याचे कान जळत होते, आणि ही लाज पोराची की स्वतःची, हे त्याला त्या वेळी धड कळत नव्हतं.

दुपारी ऊन असं झालं की वाकलेल्या पाठीवर कुणी तवा ठेवल्यागत. बारा वर्षं नरेंद्रनं दुसऱ्यांकडून लावणी करून घेतली होती, कंबर आता बोलायला लागली. कुणालच्या पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी होऊन सुटली. तो ‘आई गं’सुद्धा म्हणाला नाही. पोरगं कामाला चिवट आहे, हे नरेंद्रला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्याला त्याचं बरं वाटलं आणि लगेच वाटलं, हे कळायला चोरी व्हावी लागली.

तिसऱ्या प्रहरी बलकार सिंग चहाची किटली आणि कांदा-रोटी घेऊन मोटरच्या खोलीशी आला. कुणाल चहा घेऊन लांब, पाटाच्या कडेला जाऊन बसला.

“नरेंदर जी, एक बात बताओ,” बलकार सिंग म्हणाला. “ये घर में भी ऐसे ही गूँगा रहता है?”

“कम बोलता है. पहले से.”

“कम?” बसल्या बाजेवर थाप मारून बलकार सिंग हसला, पण त्यात हसू नव्हतं. “ओ जी, यहीं बैठता था, इसी मंजी पे. स्कूल से आते-जाते. जीभ कैंची की तरह चलती थी इसकी. ऐसी पंजाबी, मेरी बूढ़ी बेबे पेट पकड़ के हँसती थी. सरपंच की नक़ल करता था ये!”

नरेंद्रच्या हातातला चहा तसाच राहिला. कुणाल नकला करतो? त्यानं पाटाकडं बघितलं. पाठ वाकवून बसलेलं ते पोरगं त्याला क्षणभर कुणा दुसऱ्याचंच वाटलं.

“तभी तो ज़्यादा लगी मुझे,” बलकार सिंग म्हणाला. “और सुनो. सर्दियों में एक दिन बोला, अंकल, मोटर को बड़ा ताला लगा लो. मैंने बोला, क्यों, तू चोरी करेगा? मैं हँस पड़ा. ये भी हँसा. फिर आना बंद कर दिया.” त्यानं रोटीचा तुकडा कुत्र्याला टाकला. “पूछना चाहिए था मुझे. हँसना नहीं चाहिए था.”

हिवाळ्यात. नरेंद्र परत वाफ्यात उतरला. मूठ हातात घेतली, वाकला, आणि ती जानेवारीतली संध्याकाळ त्याच्यापुढं चिखलातून वर आल्यासारखी उभी राहिली.

धुकं असं होतं की दारातली तुळस दिसत नव्हती. कुणाल शिकवणीहून चालत घरी आला होता. सायकल नव्हती. “हरवली?” नरेंद्रनं विचारलं. पोरगं थरथरत होतं, थंडीनं असेल असं त्याला वाटलं. “पापा, खोई नहीं है, वो दो लड़के हैं ना, बस स्टैंड वाले, उन्होंने...” आणि जाईनं आनंदानं कानांवर हात ठेवले. “ऐकू येत नाही!” नरेंद्रनंही ठेवले. तो दमून आला होता, आणि खेळ आयता होता. “मराटीत सांग,” तो म्हणाला होता. कुणालनं तोंड उघडलं. “ते पोरं... मला... ते मला...” पुढं त्याला शब्द सापडेना. त्यानं बापाच्या कानांवरच्या हातांकडं बघितलं. “काही नाही,” तो म्हणाला. मग नरेंद्र म्हणाला होता, “सायकल घेतल्याबिगर घरात पाय टाकू नगंस.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सायकल आली. “बगितलंस? नीट शोदलं की सापडतंय,” नरेंद्र जाईला म्हणाला होता, धडा दिल्यासारखा. त्यानंतरही एक-दोनदा पोरगं ताटावर बसून हिंदीत काहीतरी सुरू करायचं, आणि जाईचे हात वर जायचे.

मागं मागं सरकताना नरेंद्रची ओळ वाकडी झाली. कुणालनं ती बघितली, काही न बोलता पुढं येऊन बापानं लावलेली दोन रोपं उपटली आणि सरळ लावली.

“पोरा,” नरेंद्र म्हणाला. पण पुढं काय म्हणायचं? मराठीत म्हणावं तर ते त्याच्यापर्यंत पोचेल असं वाटेना, आणि हिंदी त्याच्या स्वतःच्या तोंडात बसत नव्हतं. अंधार पडायच्या आत दोघांनी शेवटची पेंढी सोडली.

ठाण्यातली मॅडम वर्दीत नव्हती. साधा सलवार-कमीज, पायात चपला. तिनं कुणालला आधी पाणी दिलं, मग पंख्याखालची खुर्ची. उर्मिला पदराचं टोक पिळत भिंतीशी बसली. नरेंद्रच्या नखांत अजून बलकार सिंगच्या शेताचा चिखल होता.

“डरना नहीं,” मॅडम म्हणाली. “जेल-वेल यहाँ कोई नहीं भेज रहा. मुझे बस समझना है. घर में किससे बात करते हो?”

कुणालनं जरा विचार केला. “घर में मराठी बोलते हैं,” तो म्हणाला.

“वाह. बहुत अच्छी बात है,” मॅडम म्हणाली आणि नरेंद्रकडं बघून कौतुकानं हसली.

गणपतीत टाळ्या वाजवणारे सगळे लोक त्या हसण्यात होते. नरेंद्रला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण खुर्चीसकट आत जावं.

“तो जब ये लड़के तंग करते थे, घर में बताया किसी को?”

कुणालनं बापाकडं बघितलं नाही. “नहीं,” तो म्हणाला. “नहीं बताया.”

पोरगं बापाला पाठीशी घालत होतं. एवढं सगळं झाल्यावर, ज्याच्या बोटांचा वळ अजून गालावर होता त्या बापाला. नरेंद्र उभा राहिला.

“झूठ बोलता है, मॅडम,” तो म्हणाला.

कुणालचे खांदे आवळले. उर्मिलानं दचकून नवऱ्याचा हात धरला. “अवो, काय बोलताय?”

“बताया था. दो-तीन बार बताया. साइकिल का बताया. हम सुना नहीं.” त्याला शब्द पुरेनात, म्हणून त्यानं दोन्ही हात उचलून स्वतःच्या कानांवर ठेवले. “ऐसा करके बैठा था हम. पूरा घर. इसके सामने. हँसता था. फिर हम ही बोला, साइकिल लेके आ, नहीं तो घर में मत आ. हम ही भेजा उनके पास.”

नरेंद्रचे हात कानांवर तसेच होते, काढायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. कुणाल त्याच्याकडं बघत होता. पोराचा खालचा ओठ हलायला लागला आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. अर्धं हिंदी, अर्धं पंजाबी, रडत, नाक पुसत. सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर दिवस काढणारे ते दोघे. शिकवणीच्या वाटेवर सायकल काढून घेतलेली. परत हवी तर ते मोटरची केबल कापताना पहारा द्यायचा. पहिल्यांदा नाही म्हणाला तेव्हा जळती केबल दंडाला लावली, इथं. मग म्हणाले, आता तूही चोर आहेस, घरी सांग बघू. बलकार अंकलच्या मोटरला नको, दुसरीकडं चला, म्हणून पाया पडला होता. ते ऐकेनात, म्हणून त्या दिवशी पळाला नाही. नावं सांगितली. कुठं बसतात ते सांगितलं.

मॅडमनं मध्ये एकदाही टोकलं नाही. उर्मिला तोंडात पदर कोंबून ऐकत होती. नरेंद्रला सगळंच समजलं नाही, पंजाबी त्याला कुठं धड येत होती? पण त्याचं पोरगं बोलतं कसं, हात कसे हलवतं, एकेका माणसाचा आवाज कसा काढतं, ते त्यानं त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं.

बोर्डापुढं जावं लागेल, मॅडम म्हणाली, पण मुलगा घरीच राहील. दर आठवड्याला समुपदेशकाकडं आणायचं. त्या दोघांचं ती बघेल. दारापर्यंत आल्यावर ती नरेंद्रला हळूच म्हणाली, “आज तो बोल दिया. रोज़ का आपको देखना है.”

संध्याकाळी उर्मिलानं भात आणि कुळथाचं पिठलं केलं. कुळीथ गावाहून आणलेले, सणासुदीला काढायचे. चौघे ताटांवर बसले. बाहेर मोटरचा आवाज येत होता, बलकार सिंगच्या रोपांना पाणी चालू होतं. कुणालनं पायाला खोबरेल लावलं होतं आणि तो मान खाली घालून भात कालवत होता.

नरेंद्रनं दोन घास खाल्ले. दुपारपासून तो मनात वाक्य जुळवत होता.

“बेटा,” तो म्हणाला, “और कुछ है तो बोल. कुछ भी. हम सुनेगा.”

जाईचे हात सवयीनं वर गेले. “पप्पा हिंदी! ऐकू येत नाही!” ती खिदळली.

नरेंद्रनं पुढं वाकून डाव्या हातानं तिचे हात कानांवरून खाली घेतले, एक आणि मग दुसरा, आणि तिच्या मांडीवर ठेवले. जाई गोंधळून आईकडं बघायला लागली. उर्मिलानं पळी भांड्यात ठेवली.

कुणालनं वर बघितलं. बापाकडं, बहिणीच्या मांडीवरच्या हातांकडं, पुन्हा बापाकडं. त्याचे ओठ जरा उघडले. मग त्यानं भाताचा घास उचलला.

“काही नाही, पप्पा,” तो म्हणाला. अगदी स्वच्छ, न अडखळता. “जेवा तुम्ही.”

पोरांची जेवणं झाली, त्यांची ताटं उचलली, उर्मिलानं ओटा पुसला. नरेंद्रचा खरकटा हात वाळून कडक झाला, तरी कुणाल अजून काही बोलेल म्हणून तो ताटावरून उठला नाही.